वरच्यानं खालच्याला किती दिसू द्यायचं

जवाहर चौकातल्या आमच्या स्टुडिओत गिऱ्हाईक येतं, फोटो घेऊन जातं आणि किस्सा इथेच विसरून जातं. विसरलेली छत्री न्यायला लोक परत येतात. किस्सा न्यायला आजवर कुणी आलेलं नाही. त्यामुळे आमच्याकडे फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठलेत, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही तेच काढून बसतो.

आम्ही म्हणजे तिघं. दाणीकाका मालक. त्यांचे वडील राजधानी हलली तेव्हा नागपूरहून सरकारी फायलींबरोबर भोपाळला आले. फायली कुठे गेल्या कुणास ठाऊक, वडील मात्र इथलेच झाले. शकीलभाई फोटो काढतात. ते पिढीजात भोपाळी. मराठी त्यांना सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच देतात. आणि मी मृणाल, कॉम्प्युटरवर बसते. फोटो कापणं, जोडणं, एकावर एक चढवणं ही माझी कामं.

*

मी नोकरी मागायला आले तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला होता. "ओपॅसिटी म्हणजे काय?"

मी डिप्लोमा करून आलेली. लेयर, पारदर्शकता, टक्केवारी असं पाठ केलेलं सगळं धडाधड म्हणून दाखवलं.

"ते परीक्षेत लिही," काका म्हणाले. "हे बघ, एक फोटो तू दुसऱ्यावर ठेवलास. आता वरच्यानं खालच्याला किती दिसू द्यायचं, ती ओपॅसिटी. शंभर ठेवलीस तर खालचा गायब. शून्य ठेवलीस तर वरचा असून नसल्यासारखा. पन्नासवर दोघंही सारखे."

शकीलभाई कोपऱ्यात लेन्स पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मतलब सास-बहू."

काकांनी क्षणभर विचार केला.

"हो. पण पन्नासवर असलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही."

मला त्याच दिवशी नोकरी मिळाली. उत्तर चुकलं की बरोबर होतं, ते काकांनी अजून सांगितलेलं नाही.

*

लग्नाच्या अल्बममध्ये एक पान ठरलेलं असतं. मागे मोठा तलाव, त्यावर सूर्यास्त, आणि आभाळात नवरा-नवरीचे चेहरे एकमेकांत मिसळलेले. खरं सांगायचं तर मला ते पान अजिबात आवडत नाही, पण ते नसेल तर लोकांना लग्न लागल्यासारखंच वाटत नाही.

अशाच एका अल्बमचं पान मी पाहायला पाठवलं. तासाभरात नवरीच्या आईचा फोन. "आमची सोनल जरा दबलीय हो. तुमच्या जावयाचा चेहरा तिच्यावर आलाय."

जावई माझा नव्हता, तरी मी "बघते" म्हटलं. लगेच नवऱ्याच्या आत्याबाईंचा फोन. "मुलगी फार पुढे आलीय. आमचा सौरभ तिच्या केसांत हरवलाय."

मी सोनल थोडी वाढवली. आत्याबाईंचा फोन. मी सौरभ थोडा वाढवला. आईंचा फोन. दोन दिवस हेच. तिकडे सौरभ आणि सोनल पचमढीला फिरत होते, आणि इकडे त्यांचा संसार मी वर-खाली करत होते.

शेवटी मी दोघांना बरोबर पन्नास-पन्नासवर आणून ठेवलं आणि हात काढून घेतला. मग आईंना फोन केला. "काकू, सोनलला जरा वाढवलंय. पण तिकडे बोलू नका, वाईट दिसेल." त्या खूश. मग आत्याबाईंना फोन. "आत्या, सौरभला थोडा पुढे आणलाय. फक्त तुमच्यासाठी." त्याही खूश. अल्बम छापून गेला, आणि दोन्ही घरांतून मिठाई आली.

काका पेढा तोंडात टाकत म्हणाले, "तू इथे काय करतेस? तू मंत्रालयात हवी होतीस."

*

शकीलभाईंना कॉम्प्युटरचा राग आहे. त्यांच्या मते एकावर एक फोटो चढवायचं काम ते रोलच्या कॅमेऱ्यातच करायचे, तेही वीज नसताना. एका फोटोवर रोल पुढे न सरकवता दुसरा फोटो घ्यायचा, की झाला मिलाप. एकच माणूस स्वतःलाच चहा देतोय, असे फोटो ते काढून द्यायचे.

फक्त एकदा हा मिलाप त्यांच्याकडून ठरवून झाला नाही. जुना कॅमेरा होता आणि त्याची रोल सरकवायची चावी अडकायची. दुपारी ते शहराबाहेर एका दूधवाल्याच्या म्हशीचा फोटो काढायला गेले होते. म्हैस कुठल्याशा प्रदर्शनात उतरायची होती. संध्याकाळी तोच कॅमेरा घेऊन एका वरातीला गेले. चावी अडकली, रोल सरकला नाही, आणि घोड्यावर बसलेला नवरदेव त्या म्हशीवरच उमटला.

फोटो धुऊन निघाला. सेहरा बांधलेला नवरदेव धूसर, अर्धा आरपार, आणि त्याच्या पोटातून म्हशीचं तोंड बाहेर आलेलं. शिंगं बरोबर सेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना.

नवरदेवाचे बाकीचे फोटो चांगले आले होते, म्हणून हा एक शकीलभाईंनी लपवून टाकला. पण दूधवाल्याचा तर एकच फोटो होता. तो न्यायला आला. शकीलभाईंनी हात जोडले, कॅमेऱ्याची चूक सांगितली, पुन्हा येऊन काढून देतो म्हणाले.

दूधवाल्यानं फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"भैंस तो बढ़िया आई है," तो म्हणाला. "बस, ये आदमी हटा दो."

*

वॉर्डातल्या एका उगवत्या नेत्याचा वाढदिवस होता. सगळे त्यांना भैयाजी म्हणत. भैयाजी स्वतःच फ्लेक्स करून घ्यायला आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगू लागले. मधोमध ते स्वतः, पूर्ण. वर पक्षाचे मोठे लोक, ठळक. आणि मागे कोपऱ्यात एक जुने नेते. त्यांच्याशी भैयाजींचं पटत नव्हतं, पण त्यांना वगळलं तर पंचाईत झाली असती.

"इनको कितना रखूँ?" मी विचारलं.

भैयाजींनी इकडे-तिकडे पाहिलं. "ऐसा करो दीदी, कि वो दिखें भी, और नज़र भी न आएँ."

मी त्यांना दहा टक्क्यांवर नेलं. आभाळात ढगासारखे दिसू लागले. भैयाजींना इतकं आवडलं की त्यांनी तो फ्लेक्स चौकाच्या चारही बाजूंना लावला.

दोन दिवसांनी दुपारी एक वयस्कर गृहस्थ दुकानात आले. पांढरा कुर्ता, हातात पिशवी, सोबत कुणी नाही. पाणी मागितलं, प्यायले, खुर्चीवर बसले. मग शांतपणे म्हणाले, "बाहर वाले फ्लेक्स में जो पीछे हैं ना, धुंधले से, वो मैं हूँ."

माझे हात कीबोर्डवरच थांबले. काका गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"नाराज़ नहीं हूँ," ते म्हणाले. "बस इतना कर दो कि या तो पूरा लगा दो, या पूरा हटा दो. सुबह से घर पे फ़ोन आ रहे हैं कि तेरहवीं कब है."

*

व्हॉट्सअॅप आल्यापासून लोक पाहायला पाठवलेला फोटोच वापरतात आणि छापायला येतच नाहीत. म्हणून काकांनी नियम केला की पाठवायच्या प्रत्येक फोटोवर तिरका, फिकट अक्षरांत एक शब्द टाकायचा. 'नमूना'. चेहरा तर दिसला पाहिजे, पण फोटो वापरता येता कामा नये. बरीच खटपट करून मी तो शब्द वीस टक्क्यांवर बसवला.

इंद्रपुरीतला एक मुलगा आमच्याकडे लग्नासाठी फोटो काढून गेला. त्याचं नाव प्रसाद. मुलगा साधा, नोकरी चांगली, पण स्थळं येऊन परत जात होती. त्याची आई हळूच मला म्हणाली होती, "फोटोत जरा हुशार दिसेल असं बघा." शकीलभाईंनी त्याला हसवायचा पुष्कळ प्रयत्न केला. तो प्रत्येक वेळी दात काढायला आलेल्या माणसासारखा बघत होता. शेवटी एक फोटो बरा आला, तो मी पाहायला पाठवला.

नंतर तो आलाच नाही. आम्हाला वाटलं, फोटो आवडला नसेल.

मग एके दिवशी त्याची आई पेढे घेऊन आली. लग्न ठरलं होतं. काकांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "पण फोटो तर तुम्ही नेलाच नाहीत?"

"अहो, तुम्ही मोबाइलवर पाठवलात तोच पुढे पाठवला ना मी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत 'नमूना' लिहिलेला तो मुलगा सगळीकडे फिरून आला होता.

"मुलीकडच्यांनी काही विचारलं नाही?" काकांनी चाचरत विचारलं.

"विचारलं तर. मुलगी म्हणाली, आत्तापर्यंत पाहिलेले सगळेच नमुने होते. यानं निदान लिहून तरी पाठवलंय."

*

सरकारी ऑफिसातून नुकतेच रिटायर झालेले एक साहेब आले. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. त्यांच्या निरोपाच्या दिवशी सगळ्या स्टाफचा ग्रुप फोटो निघाला होता. दोन वेळा काढला. पहिल्यात अर्ध्या लोकांचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात उरलेल्या अर्ध्यांचे.

साहेब हिशेबी माणूस. म्हणाले, "दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवा, सारखेच मिसळा. म्हणजे सगळ्यांचे डोळे उघडतील."

मी म्हटलं, "साहेब, तसं होत नाही. ज्यांचे मिटलेत त्यांचे चेहरे कापून बसवावे लागतील."

"कापाकापी नको. कुणाला कळलं तर म्हणतील, मला वगळायचा विचार होता. सारखं मिसळा."

मी पन्नास-पन्नास केलं. चाळीसेक माणसांचा सगळा स्टाफ समोर आला. प्रत्येकाच्या पापण्या अर्ध्यावर. कुणी पूर्ण जागा नाही, कुणी पूर्ण झोपलेला नाही.

मी म्हटलं, "बघा, म्हणून सांगत होते. हे काढून टाकते."

साहेबांनी चष्मा नीट केला आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेक चेहरा पाहत गेले.

"राहू द्या," ते म्हणाले. "इतका खरा फोटो आमच्या ऑफिसचा कधी निघाला नव्हता."

*

आता सरोदे मंडळींचं सांगते. यांचा किस्सा आम्ही सहसा शेवटीच काढतो, कारण त्यानंतर दुसरं काही सांगावंसं वाटत नाही.

तीन भाऊ, एक बहीण आणि त्यांची आई. आई ऐंशीच्या घरात, पण काठी न घेता चालणारी. वडील फार पूर्वी वारले. धाकटा विजू तेव्हा पाळण्यात होता. आणि वडिलांचा फोटो कुठेच नव्हता. त्यांना फोटोचा तिटकारा होता म्हणे. लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत मुंडावळ्यांमागे तोंड लपलेलं, आणि नोकरीच्या कागदांवर होता तो वाळवीनं खाल्लेला. विजूनं नवा फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीला भिंतीवर वडील हवेत, हा त्याचा हट्ट. पन्नाशी गाठलेला माणूस, पण म्हणाला, "यांनी तिघांनी बाबांना पाहिलंय. मी नाही. मला नुसतं कळायला हवंय, कसे होते."

काकांनी विचारलं, "बाबांसारखं दिसतं कोण तुमच्यात?"

विजू सोडून बाकीचे तिघंही एकदम म्हणाले, "मी."

मग भांडण सुरू झालं. थोरले मधुकरराव म्हणाले, बाबांचं कपाळ आपल्याला आलंय. मधले श्रीधर म्हणाले, हनुवटी आपल्याला. शैलाताई म्हणाल्या, "नाक फक्त माझं बाबांचं आहे. तुम्हा तिघांची नाकं आईची."

"बाईचा चेहरा बाबांना कसा चालेल?" श्रीधर म्हणाले.

"बाबांचा चेहरा मला चालला ना?"

हे सगळं होत असताना आई बाकावर बसून पाण्याचे घोट घेत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

काकांनी तोडगा काढला. चौघांचेही फोटो घ्यायचे आणि सारखेच मिसळायचे. जे येईल ते बाबा. शकीलभाईंनी चौघांना एकाच स्टुलावर, एकाच उजेडात बसवलं. "हँसना नहीं, रोना नहीं, बस सामने देखो," म्हणाले. शैलाताईंनी टिकली काढून ठेवली. मी चारही चेहरे काळे-पांढरे केले, डोळ्यांवर डोळे आणि नाकावर नाक बसवलं, आणि एकावर एक चढवले. सगळ्यात खाली मधुकरराव, त्यावर श्रीधर, त्यावर शैलाताई, सगळ्यात वर विजू.

मग मी आकडे टाकले. आणि ते चौघं माझ्या मागेच उभे होते.

"थांबा," श्रीधर म्हणाले. "दादा शंभर, मी पन्नास, शैला तेहतीस आणि विजू पंचवीस? हे सारखं आहे?"

"मी लहान म्हणून का?" विजू म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच दुखावलेला होता.

मी समजावलं. "विजूकाका सगळ्यात वर आहेत. त्यांनी पंचवीस घेतले, पंचाहत्तर खाली सोडले. त्यातला तिसरा हिस्सा शैलाताईंचा, म्हणजे पुन्हा पंचवीसच. उरले पन्नास. त्यातले निम्मे श्रीधरकाकांचे, पंचवीस. आणि उरलेले पंचवीस खालच्या मधुकररावांचे. चौघांनाही पन्नास-पन्नास दिले असते, तर वरचाच निम्मं खाऊन बसला असता."

चौघांचाही मनातल्या मनात हिशेब चालला होता.

"म्हणजे मला काय मिळालं?" मधुकररावांनी विचारलं.

"उरलेलं," मी म्हटलं.

"नेहमीचंच," ते म्हणाले. शैलाताई हसल्या, मग बाकीचे तिघंही. चौघं एकत्र हसलेले मी तेव्हाच पाहिले.

मिशीचा प्रश्न आपोआपच सुटला. बाबांना मिशी होती असं मधुकरराव म्हणत होते, नव्हती असं श्रीधर. मिशी चौघांत फक्त मधुकररावांना होती, त्यामुळे पाव मिशी आली. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

मग मी कडा साफ केल्या आणि चेहरा स्क्रीनभर मोठा केला.

समोर एक माणूस होता. त्या चौघांपैकी कुणीच नव्हता, आणि चौघंही होते. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. डोळे मऊ, ओठ नुकतेच मिटलेले. शकीलभाई कॅमेरा ठेवून पुढे आले. विजू स्क्रीनच्या अगदी जवळ गेला आणि त्यानं लहान मुलासारखं विचारलं, "असे होते?"

मधुकररावांनी नुसती मान हलवली. शैलाताईंनी डोळ्याला पदर लावला. श्रीधर म्हणाले, "हेच. अगदी हेच."

तेव्हा कुठे कुणाला तरी आईची आठवण झाली. विजूनं त्यांना हाताला धरून आणलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला. बराच वेळ पाहत राहिल्या. चौघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"हे ते नाहीत," आई म्हणाल्या.

त्यांनी बोटानं स्क्रीनवरचं कपाळ दाखवलं.

"त्यांच्या कपाळाला कायम आठी. घरात आले की भांडी वाजायची थांबायची. इतक्या निवांतपणे त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नाही."

विजूचा चेहरा उतरला. "मग पुसून टाकू, आई?"

आईंनी चष्मा काढला नाही. स्क्रीनवरून नजरही हलवली नाही.

"पुसायचं कशाला? लावा की. मला हे चालतील."